शिखरजीवरून खुशाली

मधुबनातून पहाटे तीनला निघालो. शिखरजीची वंदना 27 किलोमीटरांची: 9 किलोमीटर चढण, तेवढीच टोंकांमधली वाट, तेवढीच उतरण. निघताना बहिणीला व्हॉट्सॲपवर चालते ठिकाण पाठविले होते. पण त्याची कमाल मुदत 8 तास. पार्श्वप्रभूंच्या टोंकेवर दर्शन घेतानाच ती सरली. खाली उतरून फोन करेपर्यंत सोलापुरात बहीण शेवटच्या खुणेकडे पाहत उपाशी बसलेली. धाकट्याने मात्र सहकुटुंब छायाचित्र स्थळासह जगजाहीर केले होते. घर आणि पेढी कुलूपबंद असल्याची ती वर्दीच! ते तत्काळ काढविले. दुसऱ्या वंदनेला त्याच टोंकेच्या पायऱ्यांशी मुदत नव्याने सुरू केली, केवळ बहिणीपुरती. छायाचित्रे घरी परतल्यावर.