पात्यांवर सोडलेला थेंब

बाबांचा याशिका मॅट १२४जी हा दोन लेन्सचा कॅमेरा मी बिघडवला. पावसाळ्यात पडून राहिल्याने तो गेला, असं मी घरात सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

चिपळूणला चार पावसाळे कॅमेरा कपाटात होता. काढला तेव्हा १/१२५, १/२५० या वेगांना शटर नीट चालायचं. १ सेकंद लावला की मात्र पाती उघडायची आणि तशीच राहायची. संथ वेगांसाठी शटरच्या आत बारीक दातेरी चाकं असतात. त्यांच्यावरचं जुनं वंगण घट्ट झालं की आधी हेच वेग अडतात. मला हे ठाऊक नव्हतं. खालच्या लेन्सचा पुढचा भाग फिरवून काढला आणि टाचणीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब थेट पात्यांवर सोडला. दोन दिवस शटर छान चाललं. तिसऱ्या दिवशी पाती एकमेकांना चिकटली, ओल्या काचा चिकटतात तशी. ही पाती कोरडीच लागतात.

तेल सोडलं त्याच बैठकीत वरच्या लेन्समध्ये बुरशीचे धागे दिसले, म्हणून तिचे स्क्रू सैल करून तीही काढली, पुसली, परत बसवली. किती आटे आत होती याची खूण केली नाही. ही चूक तेलापेक्षा मोठी, कारण ती दिसत नाही. या कॅमेऱ्यात बघायचं वरच्या लेन्समधून, फोटो निघतो खालच्या लेन्समधून. दोन्हींचा फोकस जुळलेला नसेल तर डोळ्याला स्वच्छ दिसतं आणि फिल्मवर भलतंच उतरतं.

मुंबईच्या एका जुन्या मेकॅनिकने शटर उघडून पाती धुऊन दिली. त्यांना तेलाचं सांगितलं. वरच्या लेन्सचं सांगायची लाज वाटली.

मग आजीला ओटीवर बसवलं. अ‍ॅपर्चर ३.५, पूर्ण उघडं. १२० च्या रोलवर बारा फोटो. माझ्यासाठी ती तासभर हलली नाही. रोल धुऊन आला तेव्हा बाराही फोटोंत तिचा चेहरा धूसर होता, आणि मागच्या दाराची कडी खिळ्यांसकट लख्ख.

पुन्हा मुंबईला गेलो, सगळं सांगितलं. मेकॅनिककाकांनी मागचं झाकण उघडलं, फिल्म जिथे ताणून बसते तिथे ट्रेसिंग पेपर चिकटवला, शटर ‘बी’वर उघडं धरलं आणि समोरच्या इमारतीची पाटी कागदावर स्पष्ट होईपर्यंत फोकस फिरवला. मग वरची लेन्स हळूहळू फिरवत तीच पाटी वरच्या, बघायच्या काचेवरही स्पष्ट केली आणि स्क्रू आवळले. अर्ध्या तासाचं काम होतं.

तुमच्या घरी असा कॅमेरा असेल तर रोल घालण्याआधी झाकण उघडून १ सेकंदाला पाती उघडताना-मिटताना पाहा. अडकली तर तेलाला हात लावू नका. मेकॅनिककडे जाल तेव्हा आपण काय काय उघडलं होतं, ते आधी सांगा.