पहाऱ्यांतलें मूल

आमच्या घरीं नऊ वर्षांचा एक पुतण्या आहे आणि त्याजवर लक्ष ठेवणारीं वडील माणसें सात आहेत. एकत्र कुटुंबाचे जे लाभ आम्ही अभिमानानें सांगत आलों, त्यांत हाही एक असे. दूध किती घोटांत संपावें हें मातोश्री ठरवीत, अक्षराचें वळण आमच्याकडे, आणि खेळावयास जाण्याची परवानगी कोणाकडे मागावयाची याचा निकाल कधींच लागला नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत हा मुलगा बिघडला. (शब्द आमचाच.) धाकट्या बहिणीस चिमटे काढी, वहीचीं पानें फाडून माळ्यावर लपवी, आणि विचारलें तर धडधडीत खोटें बोले. शाळेच्या दिवशीं सकाळीं पोट दुखे. रविवारीं दुखत नसे. उपाय म्हणून आम्हीं पहारा वाढविला.

एके सायंकाळीं त्याच्या गुणाकाराशेजारीं बसून आम्ही त्याच्या पेन्सिलीच्या आधींच बोलत होतों, "हातचा विसरलास, हातचा!" सहज मनगट धरलें, तों नाडी जिना धांवत चढून आल्यासारखी उडत होती, तळहात ओला. इतक्यांत आम्हांस कोणी बाहेर बोलावलें. परत येऊन पाहतों, तों तिन्ही गणितें बरोबर.

त्याचा देह आम्हांस वाघ समजत होता. भयप्रसंगीं नाडी धांवते ती मज्जातंतू व अ‍ॅड्रिनॅलिन यांमुळें, क्षणांत. त्यामागून मेंदूच्या तळाशीं असलेल्या केंद्राकडून पिट्युइटरी ग्रंथीस आणि तिजकडून मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणें बसलेल्या ग्रंथींस आज्ञा सुटते, व कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. हान्स सेल्ये यांनीं १९३६ सालीं उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं थंडी असो, जखम असो वा विष, देहाचा प्रतिसाद बहुतांशीं एकच. वाघ निघून गेला कीं हें भरतें ओसरावें, अशी निसर्गाची योजना. वाघ घरांतच राहत असेल तर ती बिघडूं शकते: एका मुलांत भरतें अकारण येऊं लागतें, दुसऱ्यांत यावें तेव्हांही येत नाहीं. शिवाय ताणांत मनास आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग दुबळा पडतो. आणि आम्ही तर नेमका आवरच मागत होतों!

शिस्त नको असें कोणी म्हणत नाहीं. वर्तनावरील नियंत्रण निराळें व मनावरील निराळें, हा भेद ब्रायन बार्बर यांनीं १९९६ सालीं मांडला. 'दिवेलागणीपूर्वीं घरीं ये' हें पहिलें; 'असा वागलास, आतां आजी तुझ्याशीं बोलणार नाहीं' हें दुसरें. आमच्या घरीं पहिलें थोडें आणि दुसरें फार. हेंही खरें कीं हट्टामुळें धाक वाढतो व धाकामुळें हट्ट; आरंभ कोठून झाला, हें घरांतल्या माणसास सांगतां येत नाहीं.

मातोश्रींस हें पटलें नाहीं. "तुम्ही नाहीं का वाढलांत याच धाकांत?" वाढलों, परंतु तेव्हां या घरांत अकरा मुलें होतीं व धाक घालणारे एकटे आजोबा. ते एकास दटावीत, तोंवर उरलेलीं दहा आंब्याखालीं पोहोंचलेलीं असत. दटावणी वांटून येई. आतां दोन मुलांवर चौदा डोळे आहेत.

आठ दिवसांपासून मातोश्री गप्प राहूं पाहतात. काल पेला अर्धाच संपवून तो अंगणांत पळाला. त्यांनीं पेला उचलला, हांक मारण्यास तोंड उघडलें, आणि मुकाट्यानें भाजी निवडावयास बसल्या. पोट सोमवारीं अजून दुखतें.