नरनाळ्याच्या रानात एक दिवस

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनो, तुमच्या विहिरीचे पाणी कसे लागते ते मी सांगायला नको. तूर घरात आली, हात मोकळा झाला, की एक दिवस काढा आणि गोडे पाणी येते कुठून ते पाहून या.

अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूर गाठायचे. पुढे वनखात्याची परवानगी, उघडी जिप्सी आणि सोबत वाटाड्या. वाट म्हणजे नुसते गोटे नि ओढे; बैलगाडीत वाढलेल्यांना त्याचे काय! १९७३ पासून मेळघाट वाघांसाठी राखलेला, म्हणून जो तो वाघच शोधतो. वाघ दिसेलच असे नाही. माझे ऐकाल तर वाटाड्याला पाण्याचे विचारा: कोणता झरा कधी आटतो, गवे कोणत्या डोहावर उतरतात.

नरनाळा किल्ल्यावर महाकाली दरवाजा पाहालच, तो १४८७ चा. पण तळी चुकवू नका. एवढ्या उंचीवर पावसाचे पाणी अडवूनच तिथली शिबंदी जगली. या अंगाची शहानूर नदी पूर्णेला जाते, पलीकडची सिपना तापीला. अन् पूर्णाही शेवटी चांगदेवला तापीतच मिळते.

हे रान राखायला केलपाणी, गुल्लरघाट, अमोना ही गावे उठली. ती माणसे अकोट-तेल्हाऱ्याकडे, तुमच्याच शिवाराला लागून वसवली गेली. परतताना त्यांच्याकडे घटकाभर बसा. त्यांच्या आठवणीतले रान जिप्सीतून दिसत नाही.

पावसाळ्यात काही वाटा बंद असतात, तेव्हा चौकशी करूनच निघा. डबा घरचा न्या.