अम्मींची मेथी

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस. आम्ही दोघं दिवसभर शाळेत, घर सुनं. अम्मी कुणाशी बोलेनात.

करमणूक म्हणून आम्ही गॅलरीत जुन्या बादल्यांना भोकं पाडून माती-शेणखत भरलं, टोमॅटोचं बी पेरलं. आठव्या दिवशी कोंब आले. हौसेनं दोन्ही वेळा पाणी घातलं, तर रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली.

"बुडवलीत बेटा. आधी माती बोटानं बघावी, मग पाणी द्यावं," अम्मी म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी पुरतं वाक्य!

मग त्यांनीच डब्यातली मेथी मागवली. धणे लाटण्यानं रगडून दोन फाकी केले, रात्रभर भिजवले. मेथी तिसऱ्या दिवशी उगवली, धण्यांनी दहा दिवस वाट पाहायला लावली. चिमण्या कोंब टिपू लागल्या, तशी आम्ही ओढणी झाकायला धावलो. अम्मी म्हणाल्या, "थोडं त्यांनाही राहू द्या, तोही सदकाच."

तीन आठवड्यांनी मेथी खुडली. पहिली जुडी अम्मींनी शेजारी पाठवली.

इद्दत संपली तेव्हा मृग लागला होता. अम्मींनी विचारलं, "भेंडी कधी लावायची?"

आम्ही बादल्या धुवायला घेतल्या.