सवडीचं शिक्षण

"बी.ए. झालात? विषय कोणता?"

हळदीकुंकवापासून शाळेच्या मुलाखतीपर्यंत हा प्रश्न मला सगळीकडे विचारला गेला आहे आणि दर वेळी मी घुटमळले आहे. कारण माझ्या बी.ए.त इतिहास होता, समाजशास्त्र होतं, थोडं अर्थशास्त्र होतं, विज्ञान होतं आणि प्राथमिक शाळेत गणित कसं शिकवावं हेही होतं. आमच्या वन्सं तर तिला 'मिसळ डिग्री' म्हणायच्या.

माझं लग्न २००७ साली झालं तेव्हा कॉलेजचं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. "पुढचं शिकव तिला," असं माझ्या वडिलांनी ह्यांना सांगितलं आणि ह्यांनीही मान डोलावली. पण मग थोरला झाला, ह्यांची बदली झाली, धाकटी झाली. पुस्तकांची ट्रंक माळ्यावर गेली ती गेलीच.

२०१३ साली थोरला बालवाडीत जाऊ लागला. त्याला सोडायला जाताना एका मैत्रिणीकडून मला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची माहिती मिळाली. हे विद्यापीठ १९८५ सालचं. पुस्तकं पोस्टानं घरी येणार, अडलं तर अभ्यासकेंद्रावर जाऊन विचारायचं, स्वाध्याय घरी लिहायचे. त्यांना ३० टक्के गुण आणि परीक्षेला ७० टक्के. जूनमध्ये परीक्षा नाही जमली तर डिसेंबरात द्यायची. पदवीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. मला वाटलं, हे कुणीतरी माझ्यासारखीचं घर बघूनच ठरवलं असावं!

पदवीला ९६ क्रेडिट लागत आणि एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरलेला होता. मी वाण्याच्या यादीच्या मागं हिशेब मांडला. २८८० तास! पहाटे चार ते सहा असे रोज दोन तास म्हटले तरी जवळजवळ चार वर्षं. छातीत धस्स झालं. पण नाहीतरी चार वर्षं जाणारच होती.

माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मी हिंदी घेतलं. पहिल्याच पुस्तकात जिथं तिथं 'शिक्षा' हा शब्द. धाकटीला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचत होते तर सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, इतकी शिक्षा कुणाला झाली?"

"मला!" मी म्हणाले आणि आम्ही दोघी हसलो.

कलाशाखेच्या मुलीलाही विज्ञानाचं एक पायाभूत पुस्तक घ्यावं लागे. त्यात ताऱ्यांच्या जन्मापासून शेती, आहार, आरोग्यापर्यंत सगळं. धान्यात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जे कमी ते धान्यात असतं, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिनं चांगली लागू पडतात. म्हणजे आपला साधा वरणभात! इतकी वर्षं रांधत होते, कारण आता कळलं.

एवढं सगळं छान, मग अडचण कुठली? अडचण त्या सोयीतच होती. हवं तेव्हा शिकता येतं म्हटल्यावर घरात सगळ्यांनी त्याचा अर्थ 'कधीही पुढं ढकलता येतं' असा घेतला. पाहुणे आले, पुस्तक बंद. थोरल्याची परीक्षा, पुस्तक बंद. २०१५ च्या जूनमध्ये सासूबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं ते नेमकं माझ्या परीक्षेच्या आठवड्यात. मी पेपर सोडले. सोडायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे सहज म्हणाले, "काय बिघडलं? तुझं तर सवडीचं शिक्षण!" ते वाक्य मला लागलं. पहाटे चारला उठून केलेल्या अभ्यासाला सवड म्हणायचं?

ऑपरेशननंतर सासूबाई पडून असायच्या. त्यांच्या उशाशी बसून मी वाचायची. एकदा अन्नधान्याच्या टंचाईचा भाग आला. सासूबाई एकदम म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळाचं आहे का त्यात?" त्यांचं माहेर सोलापूरकडचं. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. "भाकरी थापताना चिरफळ्या व्हायच्या," त्या म्हणाल्या. हे मला आठ वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्या कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली महाराष्ट्रानं तिचा कायदा केला आणि २००५ साली सगळ्या देशासाठी तसा कायदा झाला, हे मी त्यांना सांगितलं. त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही फोडलेल्या खडीचं पुस्तकात येतं?"

त्या दिवशी मला माझ्या मिसळीचा अर्थ लागला. आहार, इतिहास, अर्थशास्त्र ही पुस्तकं वेगवेगळी, पण त्यांच्यातली भाकरी एकच.

डिसेंबरात राहिलेले पेपर आले आणि नेमकं जाऊबाईंच्या भावाचं लग्न. "पुढच्या जूनमध्ये दे की," सुरू झालं. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "लग्नाला आम्ही जाऊ. तिचा पेपर आहे." सवडीचा म्हणाल्या नाहीत. हे गप्प बसले. लग्नाच्या दिवशी मुलांना त्यांनीच आंघोळी घातल्या. धाकटीची वेणी पार वाकडी होती, पण घातली!

पदवी हातात आली २०१८ साली. पाच वर्षं लागली. आता सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलाखतीत "विषय कोणता?" झालंच. मी गणित शिकवण्याचा अभ्यासक्रम केल्याचं सांगितलं, तेच उपयोगी पडलं. कायमच्या नोकरीला अध्यापनाचं वेगळं शिक्षण लागतं, ते अजून व्हायचं आहे.

माझ्यानंतर अभ्यासक्रमांची रचना बदलली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर एका वर्षानंतर थांबलं तरी प्रमाणपत्र मिळावं, पुन्हा येऊन पुढं शिकता यावं असं म्हटलं आहे. माझं ते पहिलं वर्ष आठवून जरा हळहळ वाटली, एवढंच.

तुमच्यापैकी कुणाची ट्रंक माळ्यावर असेल तर तिला एकच सांगेन. सोयीचं शिक्षण जरूर घ्या, पण आपले दोन तास पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. दूधवाल्याची वेळ जशी सगळे पाळतात, तशी आपलीही पाळायला लावा. सवड कुणी देत नाही हो, ती काढावी लागते.

आणि हो, वन्संनी परवा फोन केला होता. त्यांच्या सुनेला अर्ध्यावर राहिलेलं बी.ए. पुरं करायचं आहे. "तुझी ती मिसळ कुठं मिळते गं?" म्हणाल्या.