चुना लावणे

चतुर्थी पंधरा दिवसांवर आली की शहापुरातल्या आमच्या गल्लीत दारोदारी गोणपाटे आणि शिड्या दिसू लागतात. यंदा रंगाऱ्याने दोन खोल्यांची मजुरी सांगितली, ती ऐकून अप्पा नुसतेच "बघू" म्हणाले. या "बघू"चा अर्थ घरात सर्वांना ठाऊक आहे. "त्यात काय मोठेसे? मी देतो चुना लावून," असे मी बोलून गेलो. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र घेतलेल्या माणसाला चुन्याचे काय भय!

चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, पाण्यात विझवला की तो रटरटतो, आणि भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच बनतो. पाच किलो कळी आणून रात्री पत्र्याच्या डब्यात विझवली. डबा असा तापला की आई देवघरातून धावत आली. सकाळी निवळी गाळली, डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. इथवर पुस्तक आणि मी बरोबर चाललो होतो.

पहिला हात मारला तर भिंतीवर काहीच उमटेना. ओला चुना पाण्यासारखा आरपार दिसतो, सुकल्यावरच पांढरा होतो, हे कुणी सांगितले नव्हते. मी चुना दाट केला, दुसरा हात मारला, मग तिसरा. बाहेर श्रावणाची झिमझिम, सुकतो कशाला! दुपारनंतर एका बाजूने भिंत उजळू लागली आणि जाड थराचे पापुद्रे पायाशी पडू लागले.

अक्काबरोबर चार वर्षांचे भाचेबुवा आले होते. "मामा, मी पण!" हा जप सकाळपासून चालू होता. शेवटी वाटीत थोडी काव कालवून, दाढीचा जुना ब्रश देऊन त्यांना कोपऱ्यात बसवले. त्यांनी कोपरा सोडून बाकी सर्व रंगवले: खाटेचा पाय, उंबरा, माझे प्रयोगवहीचे पान. मी ओरडलो. ते रुसले. मी स्टुलावर चढून आढ्याजवळचा भाग करू लागलो.

चुन्याचा डबा खाली होता. त्यावर झाकण नव्हते.

मामासारखाच कुंचा बुडवून त्याने वर झटकला असावा. मी किंकाळी ऐकली. तो डोळा दाबून भुईवर लोळत होता आणि मी हातात कुंचा धरून स्टुलावरच उभा होतो. प्रयोगशाळेतल्या सूचना मला तोंडपाठ होत्या. त्या घटकेला एकही आठवली नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, दूध घाला. कुणी तूप म्हणाले. तेवढ्यात मागच्या दाराने अज्जी आल्या. त्यांना मराठी पाचसहा शब्दांपलीकडे येत नाही. "नीर हाक! नीर हाक!" असे मला दरडावून त्यांनी पोराचे डोके मांडीवर घेतले, दोन बोटांनी पापणी उघडली आणि तांब्यामागून तांब्या ओतू लागल्या. "कण्ण तेगी, कूसा, कण्ण तेगी." मी पाणी आणत होतो. पाव तास गेला, वीस मिनिटे गेली. अज्जींचे लुगडे चिंब झाले तरी तांब्या थांबला नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांनी पापणी उलटून उरलेले कण काढले, पिवळे औषध घालून निळ्या दिव्याखाली पाहिले. बुबुळ बचावले होते. "डोळा कुणी धुतला?" त्यांनी विचारले. अक्काने माझ्याकडे पाहिले नाही.

आठ दिवस डोळ्यावर पट्टी होती. उरलेली भिंत मी पुरी केली, डब्यावर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवून. पापुद्रे निघालेल्या जागी कॅलेंडर टांगले. चतुर्थीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला भाचेबुवा मोठ्या आनंदाने सांगत होते, "मामाने चुना लावला!" सगळे पोट धरून हसत.

अक्का मात्र हसली नाही.