रेंज गेली, तेव्हा तुमच्या गोळ्या कुणाला ठाऊक होत्या?

वाचकहो, आज एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. तुम्ही रोज घेता त्या गोळ्यांची नावं मोबाईल न बघता सांगू शकाल का? नाव, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा? तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची?

बहुतेकांचं उत्तर मला माहीत आहे, कारण हाच प्रश्न मी रोज केबिनमध्ये विचारतो. "एक पांढरी आहे डॉक्टर, आणि एक गुलाबी, अर्धी. थांबा, मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपला पाठवलंय, दाखवतो." मग बोट स्क्रीनवर वरखाली फिरत राहतं. गुड मॉर्निंगची फुलं, लग्नाचे फोटो, पुतण्याचा वाढदिवस आणि त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी प्रिस्क्रिप्शन. पूर्वी मला त्याचं काही वाटत नसे. ऑगस्ट २०१९ नंतर वाटायला लागलं.

तो महापूर सांगली-कोल्हापूरकडचं कुणी विसरणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्या दवाखान्यापर्यंत पाणी आलं नाही, पण वीज गेली आणि पाठोपाठ मोबाईलची रेंज गेली. पहिल्या दिवशी नुसती चिडचिड झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही काही डॉक्टर एका शाळेतल्या पूरग्रस्तांच्या छावणीत तपासायला गेलो आणि तिथं माझे डोळे उघडले.

अंधुक चौकोन

सांगलवाडीकडच्या एक आजी वर्गातल्या बाकावर बसल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास. छातीवर मधोमध जुन्या ऑपरेशनचा व्रण. मी विचारलं, "आजी, व्हॉल्व्ह बदललाय का?"

"व्हय. लोखंडी घातलाय म्हणं."

"मग रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल की."

"हाय की. पर ती ऱ्हायली घरात. दोन दिस झालं घेतली न्हाई."

"कुठली गोळी? किती घेता?"

"पोराच्या मोबाईलात हाय बघा सगळं."

पोरगा पुण्यात. त्याचा फोन लागत नव्हता. सोबत नातू होता, कॉलेजातला. त्याच्या मोबाईलला थोडी बॅटरी होती. त्यानं घरच्या ग्रुपमध्ये जाऊन फोटो शोधून काढला. पण फोटो उघडलेलाच नव्हता. पडद्यावर एक अंधुक चौकोन आणि मधोमध डाऊनलोडचा बाण. कागद आहे, त्यावर निळ्या शाईत काहीतरी लिहिलंय, एवढं कळत होतं. काय लिहिलंय ते कळत नव्हतं. तो पोरगा पुन्हा पुन्हा बाण दाबत होता आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो.

यात काळजीचं काय होतं ते सांगतो. धातूच्या व्हॉल्व्हवर रक्ताची गुठळी जमण्याचा धोका कायम असतो. गुठळीमुळं व्हॉल्व्ह अडकू शकतो किंवा ती मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणून ही गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. पण तिचा डोस सगळ्यांना सारखा नसतो. आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करून तो ठरवतात. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. अशा पेशंटचा तो साधारण २ ते ३ किंवा थोडा वर ठेवतात. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. त्यामुळं इथं अंदाजानं गोळी देता येत नाही.

आजींच्या पायाला जखम होती. छावणीत कुणीतरी गुडघ्यासाठी दुखण्याची गोळीही दिली होती. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या चालत नाहीत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ती मी लगेच बंद केली. जखमेसाठी अँटिबायोटिक लिहायला घेतलं आणि माझा हात खिशाकडं गेला. कुठलं अँटिबायोटिक या गोळीबरोबर चालतं हे मोबाईलवर बघायची मला सवय झालेली. एमडीच्या परीक्षेला हीच यादी मी तोंडपाठ म्हणून दाखवली होती! आता खात्रीनं दोन-तीन नावं आठवत होती, पुढं सगळं धूसर. म्हणजे आजींचा फोटो अंधुक आणि डॉक्टरांचं डोकंही अंधुक. नातवाला काय बोलणार?

वहीनं काम केलं

मार्ग सापडला तो साधा होता. आजी म्हणाल्या, रक्त तपासायला मिरजेला जातो. लॅबचं नाव नातवाला ठाऊक होतं. मी स्कूटर काढली. लॅब जनरेटरवर चालू होती. कॉम्प्युटर बंद होता, पण तिथले वयस्कर टेक्निशियन अजून रजिस्टर लिहीत होते. त्यांनी पानं उलटून आजींचे मागचे दोन आयएनआर काढून दिले. समोर चालू गोळीचं नाव आणि डोसही लिहिलेला होता: दोन दिवस एक, तिसऱ्या दिवशी अर्धी. परत येताना मी दवाखान्यात थांबलो, कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि अँटिबायोटिकची खात्री करून घेतली. संध्याकाळी आजींनी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी रक्ताचा नमुना लॅबला पाठवला आणि त्यांचं सगळं नीट झालं.

त्याच छावणीत एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत छोटी डायरी. मधुमेहाच्या गोळ्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, मागची साखर, मुलाचा आणि डॉक्टरांचा नंबर, सगळं त्यात होतं. त्यांना तपासायला मला तीन मिनिटं लागली.

बाहेरही तेच चित्र होतं. एटीएम बंद, कार्डाचं मशीन बंद. मेडिकलवाल्यानं उधारीची वही काढली आणि ओळखीवर औषधं दिली. खात्यात पैसे असलेली माणसं हात बांधून उभी होती. आज तर चहाचे दहा रुपयेसुद्धा आपण मोबाईलनं देतो.

ही सवय की आजार?

रेंज नसलेल्या त्या दिवसांत मी स्वतःकडंही पाहिलं. रेंज नाही हे पक्कं ठाऊक असून माझा हात दर काही मिनिटांनी मोबाईलकडं जात होता. नसलेला मोबाईल मांडीला थरथरल्यासारखा वाटत होता. हे अनेकांना होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मेंदूला लागलेलं ते वळण असतं. मोबाईल उघडल्यावर दर वेळी काही चांगलं मिळत नाही, कधीतरी मिळतं. आणि कधी मिळेल हे ठाऊक नसलेल्या बक्षिसाची ओढ मेंदूला जास्त असते. जुगारी उठत नाही तो याच कारणानं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला एक गोष्ट जाणवली. एवढ्या धावपळीतही झोप चांगली लागत होती. त्यालाही कारण आहे. रात्री पडद्याचा प्रकाश मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाला दाबतो आणि पडद्यावरचा मजकूर मनाला जागं ठेवतो. यातलं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मग हा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे. नुसत्या इंटरनेटच्या वापराला तिथं वेगळं नाव नाही. त्यामुळं उठसूट 'व्यसन' म्हणू नका. पण ठरवूनही थांबता येत नाही, झोप, अभ्यास, काम किंवा नाती बिघडताहेत आणि ते दिसूनही वापर कमी होत नाही, असं असेल तर डॉक्टरांशी बोला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा पेशंटसाठी खास क्लिनिक आहे. म्हणजे हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर उपचारही आहेत.

मी इंटरनेटच्या विरोधात मात्र नाही. मार्च २०२० मध्ये सरकारनं टेलिमेडिसिनची नियमावली आणली आणि कोरोनाच्या काळात मी कितीतरी पेशंट व्हिडिओवर तपासले. त्यांच्यासाठी ते वरदानच होतं. माझं म्हणणं इतकंच आहे की जीव ज्यावर अवलंबून आहे, ती गोष्ट एकाच दोरीला टांगून ठेवू नये.

तुम्ही काय कराल?

१. एक कार्ड लिहा. नाव, वय, रक्तगट, आजार, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, गोळ्यांची नावं आणि डोस, दोन फोन नंबर. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाकिटात ठेवा. औषध बदललं की त्याच दिवशी कार्ड बदला.

२. महत्त्वाचे रिपोर्ट मोबाईलमध्ये डाऊनलोड करून ठेवा, नुसते चॅटमध्ये नकोत. एक झेरॉक्स घरात ठेवा.

३. दोन नंबर पाठ करा, एक घरच्याचा, एक शेजाऱ्याचा. १०८ आणि ११२ ला फोन करायला इंटरनेट लागत नाही, हे मुलांनाही सांगा.

४. रोजच्या गोळ्या संपायच्या आत, आठवडाभराचा साठा हाताशी असतानाच नवीन आणा. थोडी रोकडही घरात असू द्या.

५. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी: वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, साध्या तापमानात बहुधा चार आठवडे चालते, प्रकारानुसार फरक पडतो. फार उन्हाळ्यात किंवा वीज नसताना ती कोरड्या डब्यात घालून पाण्याच्या माठाजवळ गारव्याला ठेवा. बर्फात ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

६. रात्री मोबाईल उशाशी नको. गजरासाठी घड्याळ आणा.

कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद किंवा कमी-जास्त करू नका, हे नेहमीचं सांगणं आहेच.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. छावणीत त्याच आजी भेटल्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी कमरेच्या पिशवीतून लॅमिनेशन केलेलं कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. अक्षर नातवाचं होतं. गोळ्यांची पट्टीही सोबत होती.

"बघा डॉक्टर, औंदा मोबाईल न्हाई लागत," त्या म्हणाल्या.

मी वाचून कार्ड परत केलं. आता तुमचं कार्ड कधी लिहिताय ते सांगा. आज रात्री जेवण झाल्यावर लिहिलंत तरी चालेल, दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा मी ते मागणार आहे.